कलादालनाचे दार उघडे असूनही माणसे पायरीवरच का थांबतात?

रेषाटन (धागाकर्ता)

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील जहांगीर कलादालनाला सत्तर वर्षे उलटून गेली आहेत. १९५२च्या जानेवारीत तत्कालीन मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा चित्रकारांना या शहरात कायमची, हक्काची म्हणावी अशी प्रदर्शनाची जागा नव्हती. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून काम करत होती, परंतु तिची वार्षिक प्रदर्शने उपलब्ध होईल त्या सभागृहात भरत. होमी भाभा आणि चित्रकार के. के. हेब्बार यांच्यासारख्यांनी आग्रह धरला, सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ बांधकामाचा खर्च उचलला, आणि प्रिन्स ऑफ वेल्स (आताच्या छत्रपती शिवाजी महाराज) वस्तुसंग्रहालयाला लागून ही इमारत उभी राहिली. प्रवेश तेव्हाही विनामूल्य होता आणि आजही आहे. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात या वेळात कोणीही यावे, चारही दालने पाहावीत आणि निघून जावे. नाव विचारले जात नाही, तिकीट मागितले जात नाही.

असे असूनही आत येणारे बहुतेक जण स्वतः चित्रकार, चित्रकारांचे नातेवाईक, कलामहाविद्यालयांचे विद्यार्थी किंवा संग्राहक असतात, असे माझे निरीक्षण आहे. बाहेरच्या पदपथावर मात्र वेगळेच दृश्य असते. तिथे चित्रकार रेलिंगला आपली चित्रे टेकवून बसतात, कोणी दहा मिनिटांत समोरच्याचे व्यक्तिचित्र काढून देतो, आणि त्याच्याभोवती कार्यालयातून सुटलेली माणसे, गेटवेकडे निघालेली कुटुंबे, डबे पोहोचवून परतणारे असे सगळे घोळका करून उभे राहतात. ही माणसे चित्र पाहतात, त्यावर बोलतात, ‘नाक जमलं नाही’ असे बिनदिक्कत सांगतात. तीच माणसे चार पायऱ्या चढून आत मात्र जात नाहीत. चित्रांविषयी लोकांना आस्था नाही, हे नेहमीचे रडगाणे या पदपथावर पाच मिनिटे उभे राहिले तरी खोटे ठरते.

मग ती आत का जात नाहीत? माझ्या मते याचे मोठे कारण असे, की दालनात शिरताक्षणी त्यांना आपण गिऱ्हाईक असल्यासारखे वाटू लागते. चित्रकार कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला असतो, टेबलावर किमतींची यादी आणि अभिप्रायाची वही असते, विकल्या गेलेल्या चित्राखाली लाल टिकली चिकटवलेली असते. साडीच्या दुकानात दहा साड्या उलगडून पाहिल्यावर काहीच न घेता बाहेर पडताना जो संकोच होतो, तोच इथे होतो. शिवाय चित्राखालच्या पट्टीवर इंग्रजीत शीर्षक, माध्यम आणि माप एवढेच लिहिलेले असते. ‘कॅनव्हासवर ॲक्रिलिक, छत्तीस बाय अठ्ठेचाळीस इंच’ हे वाचून पाहणाऱ्याला काय कळावे? ते आपणहून सांगणारे आत कोणीही नसते, आणि विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल, अशी भीती असते.

या वास्तूचा इतिहास पाहिला तर ती इतकी अबोल राहिलेली नाही. १९५४ मध्ये अकबर पदमसी यांची ‘लव्हर्स’ नावाची चित्रे इथे लागली होती; पोलिसांनी ती अश्लील ठरवून उतरवायला सांगितली, पदमसींनी नकार दिला, खटला उभा राहिला आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. कलावंताचे स्वातंत्र्य हा एरवी अभ्यासकांपुरता राहिला असता असा विषय त्यामुळे शहरात चर्चेला आला. पहिल्या मजल्यावर १९६३ मध्ये केकू गांधी यांनी गॅलरी केमोल्ड सुरू केली, आणि डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून १९७० नंतरच्या वर्षांत तिथवर पोहोचली. लग्नाच्या चौकापुरती, सुवासिनींनी भिंतीवर काढायची ही कला कागदावर आली आणि शहराने ती पाहिली, त्या प्रवासात या इमारतीचाही वाटा आहे. तळमजल्यावरच्या चिंचोळ्या पट्टीतले समोवार उपाहारगृह १९६४ पासून २०१५ पर्यंत चालले. तिथे एका चहावर तासभर बसता येत असे, आणि चहासाठी आलेला माणूस जाता जाता दालनात डोकावत असे. ते बंद झाल्यावर दालनाची हानी झाली ती खाद्यपदार्थांच्या बाबतीत नव्हे, तर विनाहेतू येणाऱ्या माणसाच्या बाबतीत झाली, असे मी मानतो.

माझा मुद्दा एवढाच आहे, की सार्वजनिक कलादालनाचे यश तिथे किती चित्रे विकली गेली किंवा किती मोठ्या चित्रकारांनी प्रदर्शने केली यावरून मोजू नये. जो काहीही विकत घेणार नाही आणि ज्याला चित्रकलेतले काही कळत नाही, अशा माणसासाठी दालन काय करते, यावरून मोजावे. आपल्या गावातील, शहरातील दालनांचा अनुभव जाणून घ्यायला आवडेल.

जलरंग

लेख आवडला, तथापि एक बाजू पूर्णपणे सुटली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी तालुक्याच्या गावी राहून चित्रे काढणारा माणूस आहे. खासगी गॅलरी माझे काम लावत नाहीत, कारण त्यांना विकले जाईल असे नाव हवे असते आणि त्यात त्यांची चूक आहे असेही नाही. जहांगीरमध्ये अर्ज करता येतो, कामाची छायाचित्रे पाठवता येतात, निवड झाली तर रांगेत क्रमांक लागतो. ही रांग काही वर्षांची असते, परंतु ती माझी ओळख कोणाशी आहे हे विचारत नाही. ज्याला आपण गिऱ्हाइकी म्हणता, तीच व्यवस्था माझ्यासारख्याला वशिल्याशिवाय मुंबईत उभे राहू देते.

त्या एका आठवड्यासाठी माणूस काय काय करतो, हेही लोकांना ठाऊक असावे. दालनाचे भाडे, फ्रेमिंग, टेम्पोचे भाडे, छापील पत्रिका, राहण्याची सोय, आणि उद्घाटनाचा चहा. प्रदर्शन मंगळवारी सुरू होते आणि सोमवारी संपते. सोमवारी संध्याकाळी एकीकडे आमची चित्रे बबल रॅपमध्ये गुंडाळली जात असतात आणि दुसरीकडे पुढच्या चित्रकाराची खोकी दाराशी येऊन थांबलेली असतात. अशा स्थितीत टेबलावर किमतींची यादी ठेवणे हा निर्लज्जपणा नव्हे, तर निदान खर्च निघावा यासाठीची धडपड आहे. जनतेला शिकवण्याची जबाबदारी भाडे भरणाऱ्या चित्रकारावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

रेषाटन (धागाकर्ता)

जलरंग, आपला मुद्दा रास्त आहे आणि रांगेविषयी आपण जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. चित्रकाराने शिकवावे असे मला म्हणायचे नव्हते. दालन ही संस्था आहे आणि चित्रकार तिथे आठवड्याचा पाहुणा आहे. तेव्हा पाहणाऱ्याचे स्वागत करण्याचे काम संस्थेचे आहे. चारही दालनांत मिळून या आठवड्यात काय आहे हे मराठीत आणि हिंदीत सांगणारा एक साधा फलक पदपथाच्या बाजूला लावला, तर त्याचा खर्च कोणत्याही चित्रकाराच्या खिशातून जाणार नाही.

माणदेशी

औंधचा उल्लेख व्हायला हवा, म्हणून लिहितो. सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभारले, आणि त्यासाठी जागा निवडली ती राजवाड्यातली नव्हे, तर यमाईच्या डोंगरावर मूळपीठाला जाणाऱ्या वाटेवरची. या निवडीत या धाग्याच्या निम्म्या प्रश्नांचे उत्तर आहे. तिथे जाणारा माणूस संग्रहालय पाहायला म्हणून घरून निघालेला नसतो. तो देवीला निघालेला असतो. वाटेत दम घ्यायला थांबतो आणि आत जातो.

आत काय आहे? राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रे आहेत, महादेव विश्वनाथ धुरंधरांची आहेत, बाबुराव पेंटर यांचे काम आहे, युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती आहेत, आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘माता आणि बालक’ हे दगडी शिल्पसुद्धा आहे. मूरचे शिल्प पाहायला परदेशातले लोक मोठमोठ्या शहरांत जातात. आमच्याकडे ते खटाव तालुक्यात आहे, आणि नवस फेडायला आलेल्या बायका त्याच्यासमोरून लेकरू कडेवर घेऊन जातात.

रविवर्म्यांच्या चित्रांपाशी यात्रेच्या दिवसांत उभे राहून लोकांचे बोलणे ऐकण्यासारखे असते. त्यांच्या देव्या आपल्याकडे घराघरांत पोहोचल्या त्या छापील चित्रांतून. १८९४ मध्ये घाटकोपरला निघालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला छापखाना त्याचे कारण. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना ही ‘आपल्या कॅलेंडरातली’ चित्रे वाटतात, आणि ती बिचकत नाहीत. मग जवळ गेल्यावर त्यांना दिसते, की लांबून जरीचा काठ वाटतो तो प्रत्यक्षात पिवळ्या आणि पांढऱ्या रंगाच्या जाड, तुटक फटकाऱ्यांचा बनलेला आहे. एकदा एक आजोबा आपल्या नातवाला दोन पावले मागे, दोन पावले पुढे असे करायला लावून हेच दाखवत होते. त्यांनी कलेचा अभ्यास केला असण्याची शक्यता फार कमी आहे.

आता हे संग्रहालय राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. व्यवस्थेविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु तो वेगळा धागा होईल.

फोर्टकर

माणदेशींनी वाटेचा जो मुद्दा मांडला आहे त्याला मुंबईतले उदाहरण जोडतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ पासून त्याला सध्याचे नाव आहे. ते मुख्यतः वस्तुसंग्रहालय असले तरी आजच्या चित्रकारांची आणि शिल्पकारांची प्रदर्शनेही तिथे भरतात. रविवारी वाघ आणि पेंग्विन पाहायला आलेली कुटुंबे उन्हाने दमून तिथे शिरतात. मुंबईतल्या जुन्या व्यवसायांचे, पेहरावांचे मातीचे छोटे पुतळे आणि शहराचे नकाशे पाहून ती थांबतात, कारण तिथे त्यांचे स्वतःचे शहर आहे. आणि त्याच फेरीत ती समकालीन कलाकृतीपुढेही येतात. वास्तूची दुरवस्था झाली होती. महानगरपालिका, एक खासगी प्रतिष्ठान आणि वारसा जतन करणारी संस्था इंटॅक यांनी मिळून ती सावरली आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा सुरू झाले. पालिकेच्या मालकीची जागा नीट चालू शकते याचा हा पुरावा आहे.

माझे कार्यालय जहांगीरपासून पाच मिनिटांवर आहे. मी स्वतः दुपारच्या सुट्टीत आत जातो, बहुतेक वेळा वातानुकूलनासाठी, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. या निमित्ताने मी जितकी चित्रे पाहिली आहेत तितकी एरवी पाहिली नसती.

चिकित्सक

चर्चा प्रेक्षकांभोवतीच फिरते आहे. निर्णय कोण घेतो हाही सार्वजनिकतेचाच भाग आहे. जहांगीरच्या समोरच्या बाजूला, रस्ता ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. ती इमारत म्हणजे १९११ मधले सर कावसजी जहांगीर सभागृह. म्हणजे चौकाच्या दोन्ही बाजूंना एकाच घराण्याच्या देणग्या उभ्या आहेत. १९९६ मध्ये तिथे केंद्र सरकारचे संग्रहालय सुरू झाले. २०१९च्या फेब्रुवारीत प्रभाकर बरवे यांच्या चित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी अमोल पालेकर यांनी, या संग्रहालयाच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्याबद्दल आणि निर्णय दिल्लीहून होऊ लागल्याबद्दल बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना भाषणात वारंवार अडवण्यात आले. ही घटना वृत्तपत्रांत गाजली. पण चर्चा पालेकरांना बोलू दिले की नाही याचीच झाली, त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र मागे पडला. शासकीय पैशावर चालणाऱ्या दालनात पुढच्या वर्षी काय लागेल हे त्या शहरातल्या कलावंतांनी ठरवायचे, की कोणा दूरच्या अधिकाऱ्याने? नागावात जन्मलेल्या आणि मुंबईत घडलेल्या बरव्यांच्याच चित्रांपुढे हा प्रश्न विचारला जावा, हे मला अप्रस्तुत मुळीच वाटत नाही.

जहांगीरचा कारभार विश्वस्तांकडे आहे, त्यामुळे तिथे हा धोका कमी आहे. मात्र त्या दालनाला स्वतःचा संग्रह नाही, त्याने ठरवून विषय मांडलेली प्रदर्शने क्वचितच असतात. दर आठवड्याला भिंती नव्याने रंगवून घेतल्यासारख्या कोऱ्या होतात. जलरंग यांना त्यातले स्वातंत्र्य दिसते. मला त्यात विस्मृतीही दिसते. गेल्या सत्तर वर्षांत तिथे काय काय लागले हे सामान्य प्रेक्षकाला एका जागी पाहता आले, तर तेच एक मोठे प्रदर्शन होईल.

जलरंग

चिकित्सक, विस्मृतीचा मुद्दा मान्य आहे. फक्त एक भर घालतो: पावसाळ्यात नवोदितांसाठी जे प्रदर्शन दालन स्वतः भरवते, त्यात नुकतेच शिक्षण संपवलेल्या मुलांना भाड्याच्या ओझ्याविना जागा मिळते. म्हणजे संस्थेने मनावर घेतले तर ती भाडेपट्ट्याच्या पलीकडे जाऊ शकते, हे तिने दाखवून दिलेले आहे. तेच प्रेक्षकांच्या बाबतीत का होऊ नये, हा धागाकर्त्यांचा प्रश्न मग मलाही पटतो.

दूरदेशी

लंडनच्या पूर्व भागात राहतो, म्हणून इथले एक उदाहरण थोडक्यात देतो. व्हाइटचॅपल गॅलरी १९०१ मध्ये मुद्दाम कष्टकऱ्यांच्या आणि स्थलांतरितांच्या वस्तीत, हमरस्त्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या शेजारी बांधली गेली. १९३९ मध्ये तिथे पिकासोचे ‘गेर्निका’ हे युद्धविरोधी चित्र लागले, तेव्हा स्पेनच्या यादवी युद्धातल्या लढवय्यांसाठी बुटांचा जोड हे प्रवेशमूल्य म्हणून स्वीकारले गेले. पुढे शेजारचे वाचनालय दुसरीकडे गेले आणि २००९ मध्ये त्याची इमारत गॅलरीतच सामील झाली. वस्तीतल्या जुन्या लोकांना मात्र ते वाचनालय गेल्याचे दुःख अजून आहे, आणि गॅलरीच्या विस्ताराच्या कौतुकात ते ऐकू येत नाही. दालनाने वस्तीसाठी असणे आणि दालनामुळे वस्तीचे भाव वाढणे या दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर घडू शकतात, एवढे ध्यानात असू द्यावे.

पाटीवरची रेघ

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवते. हा धागा वाचताना सतत एक गोष्ट मनात येत होती. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना आमची मुले दरवर्षी बसतात, स्थिरचित्र आणि संकल्पचित्र काढतात, श्रेणी मिळवतात, आणि दहावीच्या वाढीव गुणांसाठी पालकही आग्रही असतात. यांपैकी बहुतेक मुलांनी आयुष्यात एकही मूळ चित्र पाहिलेले नसते. पाठ्यपुस्तकातल्या टपाल तिकिटाएवढ्या छापील चित्रावरून त्यांना तैलरंगाची जाडी किंवा जलरंगाची पारदर्शकता कशी समजावी? जिल्ह्याच्या ठिकाणी नाट्यगृहाच्या वरच्या मजल्यावर एक कलादालन बांधलेले आहे. मी गेले तेव्हा तिथे खुर्च्या रचून ठेवल्या होत्या आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता आले नाही.

यंदा शाळेची सहल मुंबईला नेण्याचे ठरते आहे. राणीची बाग आणि गेटवे नेहमीप्रमाणे यादीत आहेतच. त्यात भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि जहांगीर दोन्ही बसवता येतील का? मुले चाळीस आहेत, सातवी-आठवीची. त्यांना आत सोडतील का, आणि चित्रकारांना त्रास तर होणार नाही ना, याची मला धास्ती आहे.

फोर्टकर

ताई, अवश्य बसवा. राणीची बाग आणि संग्रहालय एकाच आवारात आहेत. बुधवारी दोन्ही बंद असतात, तो दिवस टाळा. संग्रहालयाला आधी पत्र पाठवले तर मराठीतून माहिती सांगणारे कोणी मिळू शकेल. जहांगीर अकराला उघडते आणि सुरुवातीच्या तासात गर्दी अगदीच कमी असते. म्हणून सकाळी आधी जहांगीर करा, मग गेटवे, आणि दुपारनंतर भायखळा. चाळीस मुले एकदम एका दालनात नेऊ नका. चार दालने आहेत, दहा-दहांचे गट करा.

माणदेशी

आणि पुढच्या वर्षी औंधला आणा. डोंगर चढल्यामुळे मुले आपोआप शांत झालेली असतात.

जलरंग

ताई, चित्रकारांना त्रास होईल ही धास्ती मनातून काढून टाका. आठवड्याच्या मधल्या दिवसांत आम्ही तासन्‌तास रिकाम्या दालनात बसून असतो. कोणी येऊन ‘हे कसं केलंत?’ असे विचारले तर बरे वाटते. फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी आमचे लक्ष टेम्पोकडे असते. मंगळवारी संध्याकाळी उद्घाटनांची गडबड असते, म्हणून बुधवार ते शुक्रवार यांतला दिवस बघा. बुधवारी भायखळा बंद असल्याने आपल्यासाठी गुरुवार उत्तम. मुलांना एकच नियम सांगा: चित्राला हात लावायचा नाही, बाकी कितीही जवळ जायला हरकत नाही. आणि टेबलावरची किमतींची यादी त्यांच्यापासून लपवू नका. पहिला प्रश्न तोच येतो, ‘एवढे पैसे कशाचे?’ आणि त्याचे उत्तर देताना कॅनव्हास, रंग, फ्रेम, भाडे आणि एकाच चित्रावर गेलेले महिने असा सगळा हिशेब चित्रकाराला सांगावाच लागतो.